शिकवाल त्या भाषेचे व्याकरण लिहा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आपले सर आयुष्यभर रशियन शिकवत राहिले. वर्ग संध्याकाळचे, समोर दिवसभर नोकरी करून आलेली माणसे. 'कशासाठी शिकताय?' असे ते पहिल्याच दिवशी विचारायचे, आणि उत्तर बढतीचे असो की हौसेचे, त्यांच्या लेखी दोन्हींची किंमत सारखीच. विद्वान मंडळींमध्ये मात्र अशा वर्गांविषयी एक सूक्ष्म तुच्छता असते. पोटासाठी भाषा शिकणे वेगळे आणि भाषेचा अभ्यास वेगळा, असे आपण मानतो. विद्यापीठांतही त्यांची दारे वेगळी, वेळापत्रके वेगळी. परकीय भाषांच्या विभागात गर्दी, भाषाविज्ञानाच्या विभागात शांतता.

आयोजकांनी मला विषय दिला तो ऐसपैस : नामांकित विद्यापीठांतला परकीय भाषांचा आणि भाषाविज्ञानाचा अभ्यास. त्यातले मी एकच शहर घेतो, पॅरिस. कारण तिथे ही दोन दारे बराच काळ एकाच खोलीत उघडत होती, आणि त्या खोलीतून आपल्या मराठीचा पहिला शास्त्रशुद्ध इतिहास बाहेर आला.

सुरुवात १७९५ सालच्या ३० मार्चची. राजाचा शिरच्छेद होऊन दोन वर्षे झाली होती, युरोपभर लढाया पेटलेल्या होत्या, तिजोरीत खडखडाट होता. अशा वेळी फ्रान्सच्या क्रांतिकारक सरकारने कायदा केला तो असा : राष्ट्रीय ग्रंथालयाच्या आवारात एक सार्वजनिक शाळा काढावी आणि राजकारणाला व व्यापाराला ज्यांचा उपयोग आहे अशा पूर्वेकडच्या जिवंत भाषा तिथे शिकवाव्यात. भाषा कोणत्या, तर अरबी, तुर्की आणि क्रिमियाची तातार, फारसी, मलय. (त्याच महिन्यात इकडे खर्ड्याची लढाई झाली. निजामाकडे रेमाँच्या पलटणी, शिंद्यांकडे पेराँच्या. दोन्ही बाजूंना कवायत शिकवणारे फ्रेंच. पॅरिसला या भाषा हव्या होत्या त्या काही काव्यशास्त्रविनोदासाठी नव्हेत.)

इथपर्यंत सगळे आजच्या कुठल्याही कौशल्य-विकास योजनेसारखेच वाटेल. पण त्याच कायद्यात आणखी एक कलम होते. प्राध्यापकांनी आपण शिकवत असलेल्या भाषेचे व्याकरण फ्रेंचमध्ये रचावे आणि ते सरकारच्या शिक्षण समितीकडे सादर करावे. नुसते शिकवून मोकळे व्हायचे नाही. शिकवता ती भाषा कशी चालते हे आपल्या माणसांना आपल्या भाषेत लिहून द्यायचे. माझे आजचे सगळे म्हणणे या एका कलमाभोवती आहे.

कलमाचे पुढे काय झाले? अरबीचे प्राध्यापक होते सिल्व्हेस्त्र द सासी. त्यांनी खरोखरच व्याकरण लिहिले. दोन खंडांचे, १८१० साली, आपल्या शाळेतल्या विद्यार्थ्यांसाठी. शांपोलियाँ त्यांच्या वर्गात बसला होता. हाच पुढे १८२२ मध्ये इजिप्तच्या चित्रलिपीचे कोडे सोडवणारा. १८१२ मध्ये जर्मनीतून फ्रान्झ बोप नावाचा तरुण आला. तो सासींकडे अरबी-फारसी शिकला, ग्रंथालयातल्या हस्तलिखितांवर संस्कृत शिकला आणि १८१६ मध्ये संस्कृत, ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मानिक भाषांची क्रियापदे शेजारी शेजारी ठेवून त्याने एक पुस्तक काढले. तौलनिक भाषाशास्त्राचा जन्म त्या पुस्तकापासून मोजतात. युरोपातले संस्कृतचे पहिले अध्यासनही पॅरिसचेच, १८१४ सालचे, 'कोलेज द फ्रान्स'मध्ये. त्यावर बसलेले शेझी संस्कृत शिकले होते ते गुरूशिवाय, हस्तलिखितांत डोके घालून.

म्हणजे वकिलातींसाठी दुभाषे तयार करायला काढलेल्या वर्गांच्या आसपास एका पिढीत एक लिपी वाचली गेली आणि एक शास्त्र उभे राहिले. उपयोग आणि विद्या यांचे वैर आहे असे म्हणणाऱ्यांनी ही पंचवीस-तीस वर्षे जरूर पाहावीत. उपयोगाची दुसरी बाजूही लपवायचे कारण नाही. १८३० साली अल्जिअर्सवर फ्रेंच फौजा चालून गेल्या तेव्हा तिथल्या रहिवाशांसाठी काढलेला जाहीरनामा अरबीत उतरवण्यात याच सासींचा हात होता. ज्या हाताने व्याकरण लिहिले त्याच हाताने तेही लिहिले.

आणि सगळेच प्राध्यापक सासी नव्हते. हिंदुस्तानीच्या अध्यासनावर १८२८ पासून गार्सां द तासी होते. मोठे विद्वान, पण हिंदुस्थानात कधी पाऊल ठेवले नाही. इकडून जाणारी वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचून दरवर्षी ते हिंदुस्तानी साहित्याचा वार्षिक आढावा व्याख्यानातून मांडत, आणि तो आजही उर्दूच्या अभ्यासकांना उपयोगी पडतो. घरबसल्या केलेल्या कामाचा एवढा टिकाऊ नमुना क्वचितच सापडेल. पण भाषा कानाने शिकायची असते हे त्या अध्यासनाला कळायला पुढची शंभरेक वर्षे आणि ज्यूल ब्लॉक लागले. त्यांच्याकडे येतोच.

मध्ये एक टप्पा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच. १८६८ मध्ये शिक्षणमंत्री व्हिक्तोर द्युरुई यांनी 'एकोल प्रातिक' काढली. उच्च अध्ययनाची प्रात्यक्षिक शाळा म्हणा. जर्मन विद्यापीठांतली परिसंवादाची पद्धत फ्रान्समध्ये आणायची होती आणि सोर्बोनच्या जुन्या खोडांना ती रुचणार नव्हती. म्हणून मंत्र्याने सोर्बोनला हात न लावता तिच्या पोटातच दुसरी संस्था बसवली. प्रवेशाला पदवीची अट नाही. मोठमोठ्या सभागृहांतली वक्तृत्वपूर्ण व्याख्याने नाहीत. एक टेबल, भोवती काही माणसे, मध्ये एक संहिता. ओळीओळीने वाचायची, आणि प्रत्येक शब्दापाशी थांबायचे.

मी स्वतः विद्यार्थी म्हणून अशा टेबलाशी बसलो आहे. समोर अशोकाच्या शिलालेखाचा ठसा, शेजारी निवृत्त टपाल कर्मचारी, पलीकडे डॉक्टरेट करणारी जपानी मुलगी. तास संपेपर्यंत दोन-तीन ओळी पुढे गेलो असू. 'इथे अनुस्वार आहे की दगडाचा टवका उडालाय?' यावर बराच वेळ गेला. टपालवाल्या गृहस्थांनी खिशातून भिंग काढले आणि टवका असल्याचे सिद्ध केले. प्राध्यापकांनी 'आभारी आहे' म्हणून आपल्या टिपणात दुरुस्ती केली. आपल्याकडे पीएच.डी.चा कोर्सवर्क म्हणून जो प्रकार चालतो तो मला अशा वेळी हटकून आठवतो, आणि मग मी दुसरे काहीतरी आठवू लागतो.

या टेबलाशी १८८१ मध्ये चोवीस वर्षांचाही न झालेला एक स्विस तरुण शिकवायला बसला. फेर्दिनां द सोस्यूर. लायपझिगला शिकत असताना, एकविसाव्या वर्षी, त्याने मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या स्वरांवर एक प्रबंध छापला होता. त्या भाषेत आता कुठेच न उरलेले काही ध्वनी असलेच पाहिजेत, असे त्याने केवळ व्यवस्थेच्या हिशेबावरून मांडले. पुढे हित्ती भाषेच्या विटा वाचल्या गेल्या आणि १९२७ मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविच यांनी दाखवून दिले की त्यातला एक ध्वनी तिथे चक्क लिहिलेला आहे. सोस्यूर तोवर जाऊन चौदा वर्षे झाली होती. लायपझिगची डॉक्टरेट त्याने संस्कृतातल्या सति षष्ठीच्या प्रयोगावर केली, हेही आपल्या कामाचे.

पॅरिसमध्ये त्याला आणले मिशेल ब्रेआल यांनी, स्वतःच्या तासांतले काही तास सोडून देऊन. (ब्रेआल म्हणजे अर्थविचाराच्या शास्त्राला नाव देणारे गृहस्थ. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनची शर्यत ठेवा ही सूचनाही त्यांचीच. तासिका सोडणे की शर्यत सुचवणे, यांतले मोठे काम कोणते हे प्राध्यापकांनीच ठरवावे.) आता सोस्यूर तिथे शिकवत काय होता? 'भाषेचे सामान्य सिद्धान्त'? मुळीच नाही. तो गॉथिक शिकवत होता. जुनी उच्च जर्मन शिकवत होता. विद्यार्थ्यांना परकी, मेलेली भाषा अक्षरओळखीपासून येत जावी आणि ती येता येता ती अशी का आहे हेही उलगडत जावे, असा तो वर्ग होता. १८९१ पर्यंत हे चालले. मग तो जिनिव्हाला परतला. ज्या व्याख्यानांमुळे त्याचे नाव जगभर गेले ती तिथली, १९०७ ते १९११ मधली. ती त्याने लिहिलीही नाहीत. तो वारल्यावर विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा करून दोन सहकाऱ्यांनी १९१६ मध्ये पुस्तक केले, आणि ते दोघे त्या वर्गात बसलेले नव्हते. आज आपल्याकडे एम.ए.ला हे पुस्तक, खरे तर त्याचा गोषवारा, शिकवला जातो. चिन्ह, चिन्हक, चिन्हित. मुले पाठ करतात. गॉथिकची दहा वर्षे त्यामागे उभी आहेत हे कोणी सांगत नाही.

त्या वर्गात बसणाऱ्यांपैकी दोघांची नावे घेतो. एक पोल पासी. हा शाळेत इंग्रजी शिकवायचा. फ्रेंच मुलांना इंग्रजी शब्दांचे लेखन आधी दाखवले की उच्चार कायमचा बिघडतो, म्हणून आधी फक्त उच्चार लिहिणारी लिपी द्यावी, असे त्याचे मत. १८८६ मध्ये पॅरिसला त्याने काही भाषाशिक्षक जमवून एक मंडळ काढले, आणि त्याचीच पुढे आंतरराष्ट्रीय ध्वनिसंघटना झाली. जगातल्या कितीतरी शब्दकोशांत दिसणारी ध्वनिलिपी तिची. भाषाविज्ञानाचे हे सगळ्यात मूलभूत हत्यार शाळामास्तरांनी वर्गातल्या गरजेतून घडवले. त्याच सुमारास आबे रूसलो नावाचा पाद्री रबरी नळी, कर्णा आणि काजळी धरलेल्या कागदाचे फिरते नळकांडे घेऊन माणसांचे बोलणे कागदावर उमटवत होता. त्याने सुरुवात केली स्वतःच्या घरच्यांपासून. त्याचा १८९१ चा प्रबंध आहे तो आपल्याच कुटुंबाच्या गावठी बोलीवर.

दुसरा विद्यार्थी आंत्वान मेये. पॅरिसमधल्या भाषाविज्ञानाचा पुढच्या चाळीस वर्षांचा कर्ता पुरुष. तरुणपणी, १८९१ च्या सुमाराला, तो उठून कॉकेशसमध्ये गेला आणि तिथल्या लोकांच्या तोंडून आर्मेनियन शिकला. पुढे 'कोलेज द फ्रान्स'मध्ये तौलनिक व्याकरणाचे अध्यासन सांभाळण्याआधी तो १७९५ च्या त्याच प्राच्य भाषांच्या शाळेत आर्मेनियन शिकवत होता. मला हीच गोष्ट सांगायची आहे. तौलनिक भाषाशास्त्राचा त्या काळातला सर्वांत मोठा माणूस भाषा-वर्गातला मास्तर होता आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नव्हता.

मेयेंचा विद्यार्थी ज्यूल ब्लॉक. जन्म १८८०. संस्कृत शिकला सिल्व्हँ लेव्हींकडे, भाषाशास्त्र मेयेंकडे, आणि मग हिंदुस्थानात आला. तमिळ प्रदेशात फिरून त्याने जातींनुसार बदलणाऱ्या बोलीवर १९१० मध्ये लेख लिहिला. समाजभाषाविज्ञान हा शब्द रुळायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. डॉक्टरेटसाठी त्याने विषय घेतला मराठी. 'मराठी भाषेची घडण' हा प्रबंध १९१४ सालचा. मग महायुद्ध आले आणि ग्रंथ बाजारात यायला १९२० उजाडले. वररुचीच्या प्राकृतापासून शिलालेख, ज्ञानेश्वरी आणि बोलभाषेपर्यंत मराठीचा एकेक ध्वनी आणि एकेक प्रत्यय कुठून आला याचा सलग हिशेब त्यात आहे. शेवटी व्युत्पत्तींची सूची. एका आधुनिक भारतीय आर्यभाषेचा असा इतिहास तोपर्यंत कोणी लिहिला नव्हता. नंतरच्यांनी लिहिले तेव्हा नमुना म्हणून हाच समोर ठेवला. सुमित्र मंगेश कत्रे लंडनला भाषाशास्त्रज्ञ टर्नर यांच्याकडे शिकून आले. त्यांनी कोकणीवर जे पुस्तक लिहिले त्याचे नावच 'कोकणीची घडण' असे ठेवले.

ब्लॉकच्या नजरेचा एक मासला देतो. आपण 'चारा' म्हणताना जीभ दातांशी नेतो आणि 'चार' म्हणताना टाळूशी. अक्षर एकच. मराठी माणसाला हे सांगितले की तो दोन्ही शब्द दोनदा म्हणून पाहतो आणि मग हसतो. नियम साधारण असा की इ-ए-य यांच्या शेजारी तालव्य च, एरवी दंत्य. मग 'चार'मध्ये आ असूनही तालव्य का? कारण तो मुळात 'च्यार' आहे. जुन्या कागदांत तसाच लिहिलेला सापडतो. य गेला, पण जाताना च ला टाळूशी चिकटवून गेला. शब्दाच्या पोटात त्याचा इतिहास असा लपलेला असतो, आणि तो परक्याच्या कानाला आधी ऐकू येतो. कारण शिकताना त्यालाच प्रत्येक वेळी विचारावे लागते की हा च कुठला.

१९२० नंतर ब्लॉक त्याच प्राच्य भाषांच्या शाळेत शिकवू लागले, गार्सां द तासींच्या परंपरेतल्या अध्यासनावर. १९३७ ला 'कोलेज द फ्रान्स'मध्ये गेले. तिथे नावनोंदणी नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. दार उघडे, ज्याला यायचे त्याने यावे. प्रतिष्ठित संस्था म्हणजे प्रवेश मिळणे अवघड अशी संस्था, ही आपली आजची व्याख्या तिथे लागूच पडत नाही.

आपली माणसे तिथे गेली. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी कात्यायनाच्या वार्त्तिकांवर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला, तो १९२२ मध्ये निघाला. परशुराम लक्ष्मण वैद्यांचा बौद्ध तत्त्वज्ञ आर्यदेवावरचा प्रबंध लगोलग १९२३ चा. परांजप्यांनी पुढे ब्लॉकचा ग्रंथ मराठीत आणला, 'मराठी भाषेचा विकास' या नावाने, १९४१ मध्ये. इंग्रजी भाषांतर त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी आले. ही गोष्ट मला वारंवार सांगावीशी वाटते. एका फ्रेंच ग्रंथाची मराठी आवृत्ती इंग्रजीच्या तीन दशके आधी आली. कारण पुण्यातल्या एका माणसाला फ्रेंच येत होते आणि भाषाशास्त्रही येत होते. एकच येत असते तर हे पुस्तक झाले नसते.

नंतरच्या पिढीत ना. गो. कालेलकर. पॅरिसला शिकले आणि डेक्कन कॉलेजात भाषाविज्ञान शिकवले. १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून नव्याने उघडलेले हे कॉलेज पन्नाशीच्या दशकात रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या मदतीने भरणाऱ्या उन्हाळी भाषाविज्ञान-शाळांमुळे देशभरच्या भाषातज्ज्ञांचे माहेर झाले होते. कालेलकरांचे 'भाषा : इतिहास आणि भूगोल' वाचा. १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला तो शास्त्रीय पुस्तकाला, आणि वाचताना आपण शास्त्र वाचतोय असा धाक बसत नाही. परिभाषेचे अवडंबर नाही. हे वळण फ्रेंचमधून आलेले आहे असे मी ठामपणे म्हणेन. मेये-ब्लॉक परंपरेत अवघड लिहिणे हा पांडित्याचा पुरावा समजत नाहीत.

इतके सांगितल्यावर आता आपल्या वर्गात येऊ. पुण्या-मुंबईत आज फ्रेंच, जर्मन, जपानी शिकणारी मुले भरपूर. पुस्तके कुठली? पॅरिसची, म्युनिकची, टोकियोची. सगळ्या जगासाठी एकच छापलेली, आणि वर्गात ती समजावून सांगायची ती इंग्रजीतून. म्हणजे मराठी मूल फ्रेंचकडे जाते ते लंडनवरून वळसा घालून.

या वळशाने काय होते ते एकाच उदाहरणावर दाखवतो. फ्रेंच व्याकरणातला एक नियम असा आहे की त्यावर खुद्द फ्रेंच मुले शाळेत मार खातात. 'मी चिठ्ठी लिहिली' हे फ्रेंचमध्ये 'झे एक्रि ला लेत्र'. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचे असेल तर 'ला लेत्र क झे एक्रित'. कर्म आधी आले की क्रियापदाचे कृदन्त रूप कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. लेत्र स्त्रीलिंगी, म्हणून शेवटी त उमटला. इंग्रजी पुस्तकात हा नियम चौकटीत दिलेला असतो, खाली अपवाद, खाली सराव. इंग्रजीत क्रियापद कर्माकडे ढुंकून बघत नाही, त्यामुळे तिथे हा नियम म्हणजे लहरीपणाच वाटणार. आणि वर्गातली मराठी मुले तो लहरीपणा म्हणूनच पाठ करतात.

अहो, पण आपण जन्मापासून हेच करतो! मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळे खाल्ले. खाणारा तोच, क्रियापद चालते ते खाल्लेल्या वस्तूच्या मागे. तीन वर्षांचे पोर हे बिनचूक करते. फ्रेंचमध्ये एक अट जास्त आहे, कर्म आधी यायला हवे, एवढेच. आणि अटी आपल्याकडेही आहेतच : 'मी मुलगी पाहिली' हे ठीक, पण कर्माला -ला लागला की 'मी मुलीला पाहिले', तिथे क्रियापदाने कर्माशी फारकत घेतली. फ्रेंचने अट स्थानावर ठेवली, मराठीने प्रत्ययावर. इतके फळ्यावर लिहिले की पुढे सरावाला पाच वाक्ये पुरतात. मी वर्गात करून पाहिले आहे. मुले आधी चक्रावतात, मग शेजारच्याला 'अरे, हे तर आपलंच' म्हणतात, आणि मग एखादी विचारते, 'पण असं का सर? फ्रेंचचा आणि आपला काय संबंध?'

या प्रश्नाशी भाषेचा वर्ग संपून भाषाविज्ञानाचा सुरू होतो. उत्तर तसे सरळ आहे. आपला 'मी चिठ्ठी लिहिली' हा संस्कृतातल्या 'मया पत्रिका लिखिता' या वळणाचा वारस. 'लिखिता' हे क्त-प्रत्ययान्त विशेषण, ते पत्रिकेशी जुळणारच. फ्रेंचचा प्रयोग लॅटिनमधल्या 'माझ्यापाशी लिहिलेली पत्रे आहेत' या धाटणीतून आला. तिथेही 'लिहिलेली' हे पत्रांचे विशेषण. दोन्हीकडे भूतकाळी क्रियापद म्हणून आपण जे वापरतो ते मूळचे विशेषण, आणि विशेषणाची जुनी सवय सुटलेली नाही. मेयेंचे शिष्य एमिल बांव्हनिस्त यांचा १९५२ मधला एक गाजलेला लेख नेमका या भागातला. प्राचीन फारसीतला 'मना कर्तम्' हा प्रयोग कर्मणी म्हणून सगळे सोडून देत होते. बांव्हनिस्तांनी म्हटले, ही स्वामित्वाची रचना आहे, 'माझे केलेले आहे' अशी. आणि आर्मेनियनमध्ये कर्ता षष्ठीत जातो तोही याच घरातला. आर्मेनियन त्यांच्या गुरूने कॉकेशसमध्ये जाऊन शिकलेली आणि दुभाष्यांच्या शाळेत शिकवलेली. धागा कसा जातो पाहा. मराठी मुलीच्या शंकेला पॅरिसच्या त्या टेबलावर उत्तर आधीच तयार होते. आमच्या पाठ्यपुस्तकात ते नव्हते, कारण ते पुस्तक तिच्यासाठी लिहिलेलेच नाही.

म्हणून माझी मागणी १७९५ च्या त्या कलमाची आहे. विद्यापीठांनी परकीय भाषांच्या विभागांवर ते घालावे. तुम्ही जर्मन शिकवता, जपानी शिकवता, आनंद आहे. पाच-सात वर्षांत त्या भाषेचे एक व्याकरण मराठीत द्या. भाषांतरित नको. मराठी बोलणाऱ्याला काय आधीच येते आणि तो नेमका कुठे अडखळतो, हे धरून लिहिलेले हवे. आणि ते लिहिताना भाषाविज्ञानाच्या विभागातला एक माणूस शेजारी बसवा. त्याचीही सोय होईल, त्यालाही तास नाहीत. यावर दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला, मुले इंग्रजी माध्यमातली आहेत, त्यांना मराठी व्याकरण येत नाही. खरे आहे, कर्तरी-कर्मणी म्हटले की त्यांचे डोळे पांढरे होतात. पण 'पोळी खाल्ली' ती चुकत नाहीत, आणि आपल्याला तेवढे पुरते. दुसरा आक्षेप, अशा पुस्तकाला बाजार नाही. सासींच्या अरबी व्याकरणालाही नव्हता. म्हणून तर कायदा करावा लागला.

जपानीचे काम मला सर्वांत सोपे दिसते. क्रियापद शेवटी येते, आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून. इंग्रजीतली पुस्तके यावर पानेच्या पाने खर्च करतात, आणि आपली मुले ती पाने इमानाने वाचतात. मराठीत या दोन गोष्टींना दोन ओळी पुरे. वाचलेली जागा मोजण्याच्या शब्दांना आणि आदरार्थी क्रियापदांना द्यावी. खरी मेहनत तिथे आहे.

जर्मनचे अवघड. लिंगे तीन, आपल्यासारखीच. पण कुणाला कोणते याचा आपल्याशी मेळ नाही, आणि विभक्तीचा भार उपपदांवर. तरी तिथेही एक जागा आहे. जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी, 'दास मेटशेन', आणि यावर पाठ्यपुस्तकांत हमखास एक विनोद असतो. वर्ग हसतो. मागच्या बाकावर गोव्याची एखादी मुलगी असेल तर ती हसत नाही. तिच्या घरी 'चेडूं आयलें' असेच म्हणतात, आणि तरुण मुलीविषयी बोलताना सर्रास 'तें'. व्याकरणकाराने या मुलीला पुढच्या बाकावर बोलवावे आणि लहानपणापासून ती हे 'तें' कुणाकुणाला लावते, कुठल्या वयात त्याचे 'ती' होते, लग्न झाल्यावर बदलते का, सासूविषयी चालते का, हे विचारून घ्यावे. जर्मनच्या पुस्तकातला तो धडा तिथून लिहायला घेता येईल, आणि कोकणीवरचा एक शोधनिबंध त्याच तासाला सुरू होईल.